रोझेटामुळं कायदा झाला म्हणे!

कालपासून ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, 'रोझेटा' पिक्चर बघून बेल्जियम सरकार हललं आणि तरुण पोरांना किमान वेतनापेक्षा कमी पगार द्यायला बंदी घालणारा कायदा आला म्हणे, काल रंकाळ्यावर चहा पिताना पण एकानं मला हेच छातीठोक सांगितलं. भावांनो, तसं नाही.

कायद्याची तयारी आधीच चालू होती. मे १९९९ ला पिक्चरला कान चित्रपट महोत्सवाचा 'पाम दोर' हा सगळ्यात मोठा पुरस्कार मिळाला आणि तरुणांना नोकऱ्या द्यायच्या या सरकारी योजनेला पिक्चरच्या नायिकेचं, रोझेटाचं नाव चिकटलं, एवढंच, कायदा आधीच येत होता हे दिग्दर्शक दार्देन बंधूंनी स्वतःच सांगितलंय. आणि त्यात पगाराचा विषयच नव्हता, ५० किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीनं ३ टक्क्यांएवढी तरुण पोरं कामावर घ्यायची असा नियम होता.

बाकी पिक्चर मात्र बघाच. बॅकग्राउंड म्युझिक नाही, कॅमेरा सारखा रोझेटाच्या मानेमागं, दारुड्या आईबरोबर कॅरॅव्हानमध्ये राहणारी पोरगी नोकरीसाठी मदत करणाऱ्या दोस्ताचीच चुगली करते, तरी तिचा राग येत नाही (मला तरी आला नाही). रोझेटा झालेल्या एमिली देकेनचा हा पहिलाच पिक्चर, त्यातच कानला अभिनयाचं बक्षीस.