आंधळ्या बाईचे पैसे आणि आरपीजीची खोली: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोन दिवसांपूर्वीच वाचली होती, पण घाईत चार ओळी खरडून मोकळं व्हावंसं वाटेना म्हणून थांबलो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की रोल प्लेइंग गेम्समध्ये (म्हणजे आरपीजी, ज्यात तुम्ही एका पात्राची भूमिका घेऊन खेळता) जी खोली होती ती 2000 नंतर आटत गेली. त्यावर तुमचं म्हणणं असं की हा निव्वळ नॉस्टॅल्जिया आहे, जुनं ते सोनं म्हणायची आपल्याकडे सवयच आहे, ते जुने गेम म्हणजे भुलभुलैया, आकडेमोड आणि राक्षस मारून सोनं गोळा करणं, पात्रांना 'नेम', 'जॉब' असं टाइप करून विचारायचं आणि त्यांनी एका ओळीत उत्तर द्यायचं, यात कसली आलीय खोली? आणि आज विचर 3 या गेममधल्या ब्लडी बॅरन नावाच्या पात्राची गोष्ट बघताना डोळ्यांत पाणी येतं, म्हणजे खोली दरवर्षी वाढतच गेलीय.

आधी माझी चूक. "2000 नंतर आटत गेली" हे वाक्य चुकीचं आहे, मी ते मागे घेतोय. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मी स्वतःच कागदावर वर्षं आणि गेम मांडून बघितले आणि ते वाक्य टिकत नाही. पण "दरवर्षी वाढत गेली" हे तुमचं वाक्यही त्याच कागदावर टिकत नाही, आणि का ते नीट सांगायचंय, कारण हा विषय माझ्या खूप जवळचा आहे.

नॉस्टॅल्जियाचं म्हणाल तर माझा जन्म 1990 चा. ज्या जुन्या गेमबद्दल मी पुढे बोलणार आहे तो अल्टिमा 4 आला 1985 साली. मी आयुष्यात पहिला आरपीजी खेळलो तो स्कायरिम, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, रूममेटच्या लॅपटॉपवर, 2012 च्या सुट्टीत सगळे घरी गेले होते तेव्हा. त्या बर्फाळ डोंगरावरून चालताना लागणारं संगीत आजही कानावर पडलं तर मला हॉस्टेलची ती रूम, ते गार पडलेले मॅगीचे डबे, सगळं आठवतं. माझा नॉस्टॅल्जिया असेल तर तो तिथे आहे. अल्टिमा 4 मी पहिल्यांदा खेळलो 2016 मध्ये, नोकरी लागल्यावर, जीओजी या गेम विकणाऱ्या वेबसाइटवर फुकट मिळतो म्हणून डाउनलोड केला होता आणि दोन तासांत बंद करीन असंच वाटलं होतं.

त्यात काय झालं ते सांगतो. जादू करायला जडीबुटी लागते, लसूण, जिनसेंग, कोळ्याचं जाळं वगैरे, आणि ती विकणाऱ्या बायका आंधळ्या आहेत. किंमत सांगतात आणि पैसे तुम्ही मोजून द्यायचे, म्हणजे आकडा तुम्ही टाइप करायचा. मी बारा नाण्यांच्या जागी दोन टाकून बघितलं. ती आभार मानून माल देते! गेम काहीच बोलत नाही, ना आवाज, ना मेसेज, ना कोपऱ्यात काही चमकतं. मला वाटलं बग आहे, छान आहे, आणि पुढचे तीन-चार दिवस मी सगळीकडे तेच केलं. मग कधीतरी गेममधल्या राजाच्या, लॉर्ड ब्रिटिशच्या, किल्ल्यात हॉकविंड नावाचा एक द्रष्टा बसलेला असतो त्याला सहज प्रामाणिकपणाबद्दल विचारलं, तर त्याने मला तोंडावर चोर म्हटलं. खरंच सांगतो, मी खुर्चीत मागे सरकलो. इतके दिवस आत कुणीतरी चित्रगुप्तासारखं बसून लिहून ठेवत होतं, आणि मला वाटत होतं कुणी बघत नाहीये.

त्या गेममध्ये शेवटी मारायला कुणी मोठा खलनायकच नाही. आठ सद्गुण आहेत, प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म, नम्रता, आणि तुमच्या रोजच्या वागण्यावरून ते वाढतात किंवा घटतात. भिकाऱ्याला दिलेलं नाणंसुद्धा मोजलं जातं. हे गेम बनवणाऱ्या रिचर्ड गॅरियटला अल्टिमा 3 नंतर खेळणाऱ्यांची पत्रं यायला लागली आणि त्यातून त्याच्या लक्षात आलं की लोक जिंकण्यासाठी गावकऱ्यांना लुटतायत, मारतायत आणि तरीही हिरोच ठरतायत, तिथून हा गेम निघाला. मला खोली म्हणजे हेच वाटतं: तुम्ही कसे वागलात याची गेम दखल घेतो का, आणि त्याचं पुढे काही करतो का. पानांची संख्या, नकाशाचा आकार, डोळ्यांतल्या पाण्याचं ग्राफिक्स, हे सगळं त्यानंतर.

आता तुमचा मुद्दा, की जुने गेम म्हणजे आकडेमोड. बरेचसे होतेच! विझर्ड्री 1981 चा, दहा मजल्यांचा भुलभुलैया, ग्राफ पेपरवर नकाशा काढत बसायचं आणि मारत सुटायचं. आणि अल्टिमा 4 ज्या वर्षी आला त्याच 1985 मध्ये द बार्ड्स टेल आला, त्यात एका किल्ल्यात 99 बर्सर्करांच्या (बेभान लढवय्यांच्या) चार टोळ्या उभ्या असतात, म्हणजे 396 जण, आणि लोक काय करायचे तर परत परत तिथे जाऊन त्याच टोळ्या मारून लेव्हल वाढवायचे. वर्ष एकच, कॉम्प्युटर साधारण त्याच ताकदीचे, आणि एक गेम तुम्हाला 396 जणांना परत परत मारायला लावतो तर दुसरा दहा नाण्यांसाठी चोर ठरवतो. मग खोली वर्षाने कशी मोजायची?

बरोबर तीस वर्षं पुढे या. 2015. तुमचा विचर 3 याच वर्षीचा. फॉलआउट 4 याच वर्षीचा. आणि अंडरटेल पण याच वर्षीचा, जो बहुतांश एकट्या टोबी फॉक्सने बनवला, दिसायला 1985 चा वाटावा असा. फॉलआउट 4 मध्ये कुणाशीही बोलताना चार बटणं, चार छोटी उत्तरं, आणि बऱ्याचदा चारही वाटा फिरून एकाच जागी येतात. (त्यात वस्ती बांधायचं जे आहे त्यात मी कित्येक रात्री घालवल्यात, ते वाईट अजिबात नाही, पण ते वेगळं सुख आहे.) आणि अंडरटेलमध्ये सुरुवातीला जी तुम्हाला आईसारखी जपते त्या टोरिएलला चुकून मारलंत, वाईट वाटलं, जुनी सेव्ह लोड करून तिला वाचवलंत, की पुढे फ्लावी नावाचं बोलणारं फूल येऊन सांगतं की तू काय केलंस ते मला माहितीये. रीलोड केल्यावर पाटी कोरी होते हे आपण सगळेच धरून चालतो, आणि हा गेम तीसुद्धा कोरी होऊ देत नाही.

आता बॅरन. तुम्ही त्याचं नाव घेतलंत याचा मला आनंद झाला कारण मीही ती क्वेस्ट (गेममधली कामगिरी) विसरू शकत नाही. पण तिथे नेमकं काय होतं बघा. दारूडा, बायकोला मारणारा, आता पश्चात्तापाने पोखरलेला माणूस, त्याची बायको कुठे गेली ते शोधायचंय. दरम्यान एका टेकडीखाली झाडात अडकलेला आत्मा भेटतो, त्याला सोडायचं की मारायचं हे तुम्ही ठरवता, आणि त्या वेळी त्याचा बॅरनशी काही संबंध आहे असं वाटतच नाही. सोडलंत तर दलदलीतली अनाथ मुलं वाचतात, आणि बऱ्याच वेळाने कळतं की त्याची किंमत बॅरनच्या बायकोने चुकवली, आणि मग बॅरननेही. मी मुलं वाचवली होती आणि मला बरं वाटत होतं, मग ज्या झाडाला बॅरनने गळफास घेतला होता तिथे पोचलो. तुम्हाला रडू आलं ते चेहऱ्याच्या अ‍ॅनिमेशनमुळे थोडं असेल, पण मला वाटतं जास्त यामुळे की ते तुमच्या हातून झालं होतं. म्हणजे आंधळ्या बाईच्या दुकानातलंच तत्त्व, फक्त त्याला आता चेहरा, आवाज आणि वीस पट चांगलं लिखाण मिळालंय. इथे आपण दोघं एकाच बाजूला आहोत.

मग मी "आटली" असं का लिहिलं होतं? कारण मी स्कायरिमवर वाढलो आणि मग मागे जाऊन त्याच मालिकेतला जुना मॉरोविंड खेळलो. मॉरोविंड 2002 चा. तिथे कुठे जायचं ते दाखवणारा बाण नाही. पहिलंच काम, बालमोरा गावात जाऊन कायस कोसाडेस नावाच्या माणसाला शोध, आणि तो कुठे राहतो ते गावातल्या एका गुत्त्यात विचारावं लागतं, मग वाट सांगितली जाते आणि तुम्ही दारं मोजत जाता. वाटा कधीकधी चुकीच्या सांगितल्यात हेही खरं, मी एकदा एका गुहेसाठी पूर्ण रविवार घालवलाय. पण त्यामुळे मला ते गाव पाठ झालं. मालिकेतल्या पुढच्या ऑब्लिव्हियनमध्ये 2006 ला बाण आला आणि नंतर स्कायरिममध्ये मी शंभर तास बाणाच्या मागे चाललो, आज मला त्यातल्या निम्म्या गावांचे रस्ते सांगता येणार नाहीत. मॉरोविंडमध्ये 27 स्किल्स, ऑब्लिव्हियनमध्ये 21, स्कायरिममध्ये 18 आणि अ‍ॅट्रिब्यूट्स (ताकद, बुद्धी असे पात्राचे मूळ गुण) गायबच, पण आकडे कमी झाले याचं मला फारसं दुःख नाही. दुःख याचं की मॉरोविंडमध्ये एका मोठ्या घराण्यात गेलात की बाकी दोन्ही घराण्यांची दारं बंद, आणि गिल्डमध्ये बढती हवी तर ती स्किल्स खरोखर अंगात हवीत, तर स्कायरिममध्ये मी जेमतेम दोन-चार मंत्र म्हणून जादूच्या कॉलेजचा प्रमुख झालो, त्याच सुमारास चोरांचाही मुखिया झालो, आणि कुणाला काही फरक पडला नाही. माझं सगळ्यात लाडकं जग आणि त्याला माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या रागात ते वाक्य लिहिलं गेलं.

हे का झालं याचं एक कारण मला आवाज वाटतं. नुसतं लिहिलेलं वाक्य असेल तर त्याला लेखकाचा वेळ लागतो, बस्स. 1999 च्या प्लेनस्केप: टॉर्मेंटमध्ये साधारण आठ लाख शब्द आहेत आणि बहुतेक नुसते वाचायचे, त्यामुळे फार कमी लोक जातील अशा फांद्याही लिहिणं परवडलं. 1997 च्या पहिल्या फॉलआउटमध्ये बुद्धी अगदी कमी ठेवलीत तर तुमचं पात्र धड वाक्यही बोलू शकत नाही, आणि उलट नीट तपास करून पुरावा नेलात तर शेवटच्या खलनायकाला, मास्टरला, गोळी न झाडता पटवता येतं की त्याने बनवलेले म्युटंट्स वांझ आहेत, त्याचं सगळं स्वप्न फुकट आहे. तो पुरावा वाचून तो जे करतो ते बघणं कुठल्याही लढाईपेक्षा जड जातं. पण प्रत्येक वाक्य बोललेलं हवं असं ठरलं की कलाकार आले, स्टुडिओ आला, ओठांची हालचाल आली, इतर भाषांतलं डबिंग आलं, आणि मग दहातला एकच खेळाडू जाईल अशी फांदी मीटिंगमध्ये पहिल्यांदा छाटली जाते.

तरी हे कारणही पूर्ण नाही, कारण काहींनी तो खर्च केला. विचर 2 मध्ये, 2011 साली, तुम्ही इऑर्वेथ आणि रोश या दोन विरोधकांपैकी कुणाबरोबर गेलात यावरून दुसरा चॅप्टर अख्खा बदलतो, वेगळा तळ, वेगळी माणसं, म्हणजे एकदाच खेळणाऱ्याला त्यातला अर्धा कधी दिसतच नाही. 2019 च्या डिस्को एलिसियमने लढाईच काढून टाकली, तुमची 24 स्किल्सच डोक्यात बोलतात, भांडतात, खोटं सांगतात, आणि शेजारी उभा असलेला तुमचा जोडीदार पोलीस किम कित्सुरागी काहीएक न बोलता तुमच्याकडे बघत असतो, आणि मला त्याच्या नजरेची हॉकविंडपेक्षा जास्त भीती वाटली. या गेमचे जवळजवळ सगळे शब्द आधी लिहिले गेले आणि पूर्ण आवाज नंतर 2021 मध्ये आला, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आणि 2023 चा बाल्डर्स गेट 3: मेलेल्या माणसाशी बोलायचा मंत्र आहे, पण त्याला तुम्हीच मारलं असेल तर प्रेत तुमच्याशी बोलायला नकार देतं. मग वेश बदलून या, बोलतं! मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा रात्री एक वाजता बायकोला उठवून दाखवलं. अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच लोकांना खेळायला विकून, जवळजवळ तीन वर्षं तो गेम घडत होता, एवढा वेळ आणि पैसा फार थोड्यांकडे असतो हे खरं, पण अंडरटेलवाल्याकडे तर एवढा पैसा नव्हताच.

शेवटचा मुद्दा, टाइप करून विचारण्याचा. पात्रं म्हणून अल्टिमा 4 मधली माणसं पातळ आहेत हे मान्य, त्यातलं एकही आठवून मला रडू येत नाही, तिथे तुम्ही बरोबर आहात. पण मेन्यू नसल्यामुळे काय विचारायचं हे तुम्हाला माहीत असावं लागतं. एका गावातला माणूस बोलता बोलता दुसऱ्या गावातल्या कुणाचं नाव आणि एक शब्द सांगतो, आणि तिथे जाऊन तो शब्द तुम्ही टाइप केलात तरच तो तोंड उघडतो. लक्ष देऊन ऐकलं नसेल तर पुढे जाताच येत नाही. माझ्याकडे अजून ती दोनशे पानी वही आहे, त्यात मंत्र, गावं, कोण कुणाबद्दल काय म्हणालं ते सगळं लिहिलंय, आणि डाव्या कोपऱ्यात मी जिथे जिथे त्या बाईला फसवलं त्या दुकानांची यादी, कारण नंतर मी त्या प्रत्येक दुकानात परत जाऊन गरज नसताना पूर्ण किंमत देऊन लसूण घेत बसलो होतो.

मूळ लेखातलं ते वाक्य आज बदललंय आणि तुमच्या प्रतिक्रियेमुळे बदललं असं तिथे लिहिलंय. तुम्ही मॉरोविंड खेळलायत का ते मात्र प्रतिक्रियेतून कळलं नाही. खेळला असाल तर कुठल्या घराण्यात गेला होतात ते जरूर सांगा, मी रेडोरान.