‘काका, अभ्यास करून लिहा’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया वाचली. लेखात मी एवढंच म्हटलं होतं, की तामिया या जपानी कंपनीच्या १९७९ च्या सँड स्कॉर्चर या रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाडीची मूळ फायबरची (म्हणजे काचेचं कापड आणि रेझिन यांची) चासी, म्हणजे तळाची पट्टी, काढून तिथे कार्बन फायबरची पट्टी बसवू नका. त्यावर तुम्ही लिहिता, “काका, फायबर म्हणजे गरिबाचा कार्बन. कार्बन सगळ्याच बाबतीत सरस आहे. जरा अभ्यास करून लिहीत जा.” पुढे फोटो, किंमत, बॅटरी यांवर शेरे आणि शेवटी एक हसरा चेहरा.

फोटो अंधुक आहेत, मान्य. ट्यूबलाइटखाली मोबाईलवर काढलेत. काका म्हणायलाही हरकत नाही, केस पांढरे आहेतच. पण ‘अभ्यास’ हा शब्द जरा जपून. ओळख ना पाळख, स्वतःचं नावही न लिहिता समोरच्याचा अभ्यास काढायचा, ही पद्धत आमच्या सदाशिव पेठेतसुद्धा नाही; आणि तिथे काय काय पद्धती आहेत हे तुम्हाला ठाऊक असेलच.

उमेदीची वर्षं मी भोसरीच्या एका शेडमध्ये काचेचं कापड आणि रेझिन यांत घालवली आहेत. घरी येऊन अंघोळ केली तरी मनगटं खाजत राहायची. तेव्हा फायबर म्हणजे काय, हे मला कुणा निनावी माणसाकडून कळायचं राहिलेलं नाही.

आता तुमचं ते ‘सगळ्याच बाबतीत’. कार्बन ताठ आहे, हलका आहे, यावर वाद घातला कुणी? पण सँड स्कॉर्चरमध्ये चासी एकटी नसते. सस्पेन्शनचे भाग ओतीव धातूचे आहेत. तळजईच्या उतारावर गाडी उडून आपटली की धक्का कुठेतरी जिरायला हवा. फायबरची पट्टी थोडी लवते आणि त्यातला बराचसा पोटात घेते. ती लवली नाही तर तोच धक्का स्क्रूच्या भोकांवर आणि ओतीव भागांवर जातो. ओतीव भाग लवत नाही, तुटतो. चाळीसहून जास्त वर्षांचा जुना असेल तर विचारूच नका, आणि मूळ भाग तुटला की तो शोधत फिरायचं ते वेगळंच.

शिवाय फायबर तुटण्याआधी सांगतं. बुधवार पेठेतून आणलेल्या ग्लास इपॉक्सी शीटची एक पट्टी कापून मी माझ्या दुसऱ्या गाडीला लावली आहे. पुढच्या उजव्या स्क्रूभोवती नखाएवढा पांढरट डाग आलाय. आतले थर सुटायला लागल्याची ती खूण. पट्टी उजेडासमोर धरली की डागाची कड कापडाच्या विणीबरोबर चौकड्याचौकड्यांनी सरकलेली दिसते. कार्बन काळा ठिक्कर. आत थर सुटले तरी वरून चकाचक, कळतं ते मोडल्यावर.

आणि कार्बन वीज वाहून नेतो, हे तुमच्या अभ्यासात आलं असेलच. बॅटरीची वायर घासून उघडी पडली की पट्टीतूनच शॉर्ट. सर्किट बोर्ड काचेच्या कापडाचे करतात ते काय गरिबी म्हणून? पावसाळी दमटपणात कार्बनला टेकलेले ॲल्युमिनियमचे स्क्रू पांढरी भुकटी धरून खराब होतात, तेही एकदा बघून घ्या.

तामियाला कार्बन माहीत नव्हता असंही नाही. १९८८ ची अवांते फायबरवर आली, १९८९ ची एग्रेस कार्बनवर. एग्रेसला खुशाल कार्बन लावा, तिचा तो हक्कच आहे. आणि १९८५ साली एक-दशांश मापाच्या ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा टू-व्हील ड्राइव्ह गट जिंकणाऱ्या असोसिएटेड या अमेरिकन कंपनीच्या आरसी१० या गाडीची चासी ना फायबरची होती ना कार्बनची. सोनेरी ॲल्युमिनियमची होती. झाला एवढा अभ्यास पुरे, का आणखी करू?

किंमत ज्याची त्याची हौस. ‘२०१० ची नवी आवृत्ती घ्या’ हा सल्ला चांगला आहे, मी मागितला नव्हता एवढंच. बॅटरीबद्दल मूळ लेखात लिहिलं आहे. तो शेवटपर्यंत वाचला असतात तर दोघांचाही वेळ वाचला असता.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही. तशीच राहील, शुद्धलेखनासकट.