वडशाचा नट आणि ह्युरॉनची लेखिका

धान घरात आलं, भाऊबीज झाली की विदर्भाच्या पूर्वेकडच्या झाडीपट्टीत मंडई, म्हणजे गावची जत्रा लागते. मंडई लागली की आमच्या गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक भांडणही लागतं. कुठल्या तरी नटाचं, गायकाचं, कवीचं वागणं चव्हाट्यावर येतं. ढोसून स्टेजवर आला, इसार घेऊन गायब झाला, नाटक कंपनीतल्या बाईला त्रास दिला. एक बाजू म्हणते, कला वेगळी, माणूस वेगळा. आपण त्याच्या घरात कशाला डोकावायचं? दुसरी म्हणते, असल्याला गावात पाय ठेवू देऊ नका, फ्लेक्सवरून नाव खोडा. दोन दिवस हे चालतं आणि तिसऱ्या रात्री तोच नट 30 किलोमीटरवरच्या गावात नायक म्हणून उभा असतो.

कॅनडात बसून हे वाचताना एक गोष्ट खटकते. दोन्ही बाजू प्रेक्षकाच्या खुर्चीवरून बोलतात. आपल्याला तो आवडावा की नाही, एवढ्यावरच सगळा वाद. तो ज्यांच्यासोबत काम करतो त्यांचं काय, हे कोणी विचारत नाही.

झाडीपट्टी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा. दिवाळीपासून होळीपर्यंत इथे गावोगाव रात्रभराची नाटकं होतात. नऊ-दहाला पडदा उघडतो आणि पहाटे चार-पाचला पडतो. कंपन्यांचं केंद्र वडसा, म्हणजे सरकारी कागदावरचं देसाईगंज. गावचं मंडळ तिथे जाऊन कंपनीचा एक प्रयोग ठरावीक रकमेला घेतं, तिकिटं आपण विकतं आणि उरलेला पैसा देवळाला, शाळेला किंवा पोट्ट्यांच्या क्रिकेटला लावतं. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक अशी जुनी जोडी. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, 2021 च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी दिली, तरी नाटक मधल्या वर्षांतही चालतच राहिलं. 2023 मध्ये गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या पुष्कळांना या रंगभूमीचं नाव पहिल्यांदा कळलं.

इथला नट देव व्हावा अशी सोयच मुळात नाही. सकाळी अर्धा रंग पुसलेल्या तोंडाने तो पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेताना दिसतो. गावात कोणाच्या तरी घरी जेवतो, ओसरीवर झोपतो. आणि त्याच्या ज्या संवादावर शिट्ट्या पडतात, तो संवाद विंगेतून आलेला असतो. नाटक आज एक, उद्या दुसरं, तालमीला वेळ नाही. म्हणून प्रॉम्प्टर विंगेत बल्बखाली वही धरून बसतो आणि अख्खं नाटक वाक्यावाक्याने पुढे सारतो. त्याचा आवाज नटाला ऐकू यावा, पहिल्या रांगेला येऊ नये, आणि नट श्वास घेतो त्या फटीत पुढचं वाक्य पोचावं. हे कसब आहे. प्रॉम्प्टरला रात्री दोनला डुलकी लागली की महानायक खिशात हात घालून उभा राहतो आणि हार्मोनियमवाला शहाणपणाने सूर धरतो. पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांना हे सगळं ठाऊक असतं, तरी ते रडायच्या जागी रडतातच. कौतुकाला भाबडेपणा लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही रांग बघावी.

मखर आलं ते फ्लेक्ससोबत. वडशाच्या रस्त्यावर नायकाचा चेहरा दहा फुटांचा झाला, नावापुढे सम्राट आणि सुपरस्टार लागले, आणि मंडळवाले नाटक कोणतं हे विचारायच्या आधी ‘हिरो कोण देता जी?’ असं विचारू लागले. देव केला की मग त्याचा माणूसपणा कळल्यावर धक्का बसतो. त्या धक्क्यात आपण तीन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत टाकतो: त्याचं थकणं, त्याच्या खोडी आणि त्याचा गुन्हा.

थकण्याचं आधी बोलू, कारण ते सगळ्यांत जास्त आढळतं आणि त्याला दोष म्हणतात ते आपणच. जानेवारीत नायकाचा आवाज घोगरा झाला की ‘पैसे घेतले अन् काम चोरलं’ असं म्हणतात. कारणं साधी आहेत. उघडं वावर, कोरडी थंड हवा, शेकोट्यांचा धूर, शेकडो पायांची धूळ, आणि सलग रात्री ओरडून बोलणं. स्वरयंत्राच्या पट्ट्या सुजल्या की त्या नीट मिटत नाहीत आणि आवाज फाटतो. मग नट कुजबुजत बोलतो. त्यानेही ताण पडतो, विश्रांती मिळते ती गप्प राहिल्यावरच. घसा मोकळा करायला घोट घेतो, पण दारूने घसा अजून कोरडा पडतो. मंडळाने करायचं एवढंच: रंगपटात, म्हणजे नट तयार होतात तिथे, कोमट पाण्याचं मोठं भांडं, वाफ घ्यायला चूल किंवा गॅस, आणि शेकोट्या धूर रंगमंचाकडे येणार नाही अशा बाजूला, प्रेक्षकांच्या मागे. जेवण संध्याकाळी सातपर्यंत वाढा. रात्री साडेनऊला रस्सा-भात चापून नट उभा राहिला तर पहिल्या अंकात आंबट ढेकर येणार, आणि तेच आम्ल घशापर्यंत चढून आवाज घालवणार.

सगळ्यांत मोठा धोका मात्र पडदा पडल्यावर असतो. पहाटे पाचला सामान चढवून गाडी निघते, जंगलातला रस्ता, धुकं, आणि चालक रात्रभर जागा. पुष्कळदा चालकच लाईट सांभाळतो किंवा पडदा ओढतो. करारात लिहून घ्या की चालकाकडे रात्री दुसरं काम नसेल, आणि त्याला झोपायला गावात एक खोली द्या, स्पीकरपासून लांब. मंडळाचा यात खर्च काहीच नाही. इथे कॅनडात, ऑन्टारिओ प्रांताच्या रोजगार कायद्यात बहुतेक कामगारांना दिवसातून सलग 11 तास मोकळे मिळायला हवेत असा नियम आहे. आमच्याकडे हंगामच चार महिन्यांचा, त्यात 11 तास कोण देणार, हे मान्य. पण निदान स्टीअरिंगवर बसणारा तरी झोपलेला असावा.

खोडींचं औषध करारपत्रात आहे, प्रवचनात नाही. उशिरा येणं, पिऊन येणं, एकाच रात्री दोन गावं घेणं, दुसरा अंक झाला की पुढच्या गावाला पळणं. बहुतेक मंडळं एका पानाच्या छापील करारावर सही करतात आणि त्यात तारीख, नाटकाचं नाव आणि रक्कम याशिवाय काही नसतं. त्यात चार प्रमुख कलाकारांची नावं घाला. नायक नाही आला तर बदली कोण आणि रक्कम किती कमी, हे आकड्यात लिहा. पडदा किती वाजता उघडेल, अवेळी पाऊस आला तर नवी तारीख की इसार परत, जनरेटरचं डिझेल कोणाचं, तेही लिहा. पैसे तीन हप्त्यांत द्या: इसार सहीच्या वेळी, दुसरा कंपनी गावात उतरल्यावर, शेवटचा पडदा पडल्यावर. अख्खी रक्कम पहिल्या घंटेआधी मोजली की मंडळाच्या हातात काही राहत नाही. आणि पैसा मॅनेजरच्या हातात, पावती घेऊन. नायकाला बाजूला घेऊन परस्पर द्याल तर मागचे वादक आणि रंगभूषावाला उपाशी जातील. एवढं केलं तर निम्मे बहिष्कार टळतील. पिणाऱ्याचं पिणं सुटणार नाही, पण त्याचा भुर्दंड गावाला बसणार नाही.

आता गुन्हा. इथे परदेशाचा दाखला द्यायलाच हवा, पण ‘बघा, तिकडे किती छान’ म्हणून नाही.

ऑन्टारिओत ह्युरॉन नावाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग आहे. मका, सोयाबीन, गहू, गोठे. शहरवाल्यांनी नाक मुरडावं असा मुलूख. 1972 च्या उन्हाळ्यात टोरांटोचे नट तिथल्या क्लिंटनजवळ शेतकऱ्यांमध्ये राहिले, त्यांच्या कामाचं आणि बोलण्याचंच नाटक बसवलं आणि पहिला प्रयोग त्याच शेतकऱ्यांपुढे कोठारात केला. झाडीपट्टीच्या माणसाला हे परकं वाटणार नाही. 1975 पासून शेजारच्या ब्लाइथ गावात दर उन्हाळी नाट्यमहोत्सव होतो. याच काउंटीतल्या विंगममध्ये ॲलिस मन्रो जन्मल्या. लघुकथेसाठी 2013 चं नोबेल. खेड्यातल्या बायकांचं मन त्यांच्याइतकं कोणी लिहिलं नाही, असं जगाने म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं.

मे 2024 मध्ये त्या वारल्या. जुलैत त्यांच्या धाकट्या मुलीने, अँड्रिया स्किनर यांनी, टोरांटोच्या दैनिकात लिहिलं की 1976 मध्ये, त्या नऊ वर्षांच्या असताना, सावत्र बापाने त्यांच्यावर लैंगिक अत्याचार सुरू केले. 1992 मध्ये त्यांनी आईला पत्राने सगळं कळवलं. आई काही काळ त्याला सोडून गेली, मग परतली आणि त्याच्या मरणापर्यंत त्याच्यासोबतच राहिली. 2005 मध्ये त्याने गॉडरिचच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. म्हणजे गोष्ट सरकारी दफ्तरात होती. चरित्रकाराला माहीत होती, त्याने ती पुस्तकात घेतली नाही. घरात माहीत होती. तरी 19 वर्षं सन्मान होत राहिले आणि कोणी तोंड उघडलं नाही. आमच्या गावात पारावर बसलेल्या सगळ्यांना एखादी गोष्ट ठाऊक असते आणि ग्रामसभेत कोणालाच नसते, त्यात आणि यात मला फरक दिसत नाही. श्रीमंत देश, साक्षर माणसं, उघडी न्यायालयं. दबदब्यापुढे सगळे सारखेच.

नंतर काय झालं तेही बघा. वेस्टर्न विद्यापीठाने मन्रोंच्या नावाचं अध्यासन थांबवलं. पुस्तकं दुकानांतून गेली नाहीत, जाऊही नयेत. मेलेल्या लेखिकेची कथा वाचल्याने कोणाला नवी इजा होत नाही. वाचणारा आता जास्त सावधपणे वाचतो, एवढंच.

जिवंत नटाचं तसं नाही, आणि गावाकडचा वाद नेमका इथे घसरतो. पुस्तक कपाटात असतं. नट उद्या रात्री पुन्हा त्याच रंगपटात जातो, जिथे ताडपत्रीच्या आडोशाला बायका साड्या बदलतात, आणि पहाटे त्याच गाडीत त्यांच्याशेजारी बसतो. म्हणून त्याला बोलवायचं की नाही हा रसिकतेचा प्रश्नच उरत नाही. तो कामाच्या जागेचा प्रश्न आहे, आणि त्याला कायदा आहे.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा नाटक कंपनीलाही लागू होतो. नाईटवर, म्हणजे एकेका रात्रीच्या पैशावर येणारी नर्तिका, हंगामी गायिका, एजंटमार्फत आलेली नटी, सगळ्या त्यात येतात. कंपनीने दिलेली गाडी आणि प्रयोगाचं गाव, दोन्ही कामाचं ठिकाणच. 10 किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत समिती सक्तीची: अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा. नसेल तर 50,000 रुपयांपर्यंत दंड. तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीवर बंधनकारक. चौकशी 90 दिवसांत. कंपनी लहान असेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तालुक्याला त्यासाठी तक्रारी घेणारा नोडल अधिकारी असतो आणि त्याने तक्रार सात दिवसांत पुढे पाठवायची असते.

घोडं अडतं ते ठरलेल्या जागी. तीन महिने म्हणजे जवळजवळ अख्खा हंगाम. मधेच तक्रार केली तर पुढच्या नाईट जातात, हंगाम संपल्यावर केली तर मुदत जाते. समितीतल्या बाई मालकाच्याच घरातल्या निघतात. आणि तक्रारीचं नाव गुप्त ठेवायचं असताना ते दुसऱ्या दिवशी वडशाच्या चहाच्या टपरीवर पोचतं. यावर मंडळाला करता येण्यासारखं एक काम आहे, कारण पैसा त्यांच्या हातात आहे. करार करताना समितीच्या सदस्यांची नावं लेखी मागा, बाहेरची सदस्य कोण ते विचारा, आणि ते पान करारालाच जोडा. बायकांचा रंगपट वेगळा, दार आतून लागणारं, आत दिवा, संडास जवळ, आणि मंडळाच्या पोट्ट्यांना तिकडे फिरकायला मनाई. हा शेवटचा मुद्दा मुद्दाम लिहितो; त्रास देणारे सगळे कंपनीतलेच असतात असं समजू नका. केरळात सिनेमातल्या बायकांच्या स्थितीवरचा हेमा समितीचा अहवाल 2019 च्या अखेरीस सरकारला मिळाला आणि लोकांपुढे यायला 2024 चा ऑगस्ट उजाडला. गावच्या मंडळाला तेवढी वाट बघायचं कारण नाही.

राहिला प्रश्न कलाकारांच्या नावाने कमानी आणि सभागृहं उभारण्याचा. लंडनमध्ये थोरांच्या घरावर निळ्या पाट्या लावतात, त्यांचा नियम आहे की माणूस जाऊन 20 वर्षं व्हायला हवीत. मन्रो गेल्यावर कुजबुज उघड व्हायला दोन महिने पुरले, पण कधी कधी पिढी जाते. आमच्या ग्रामपंचायती जिवंत माणसाच्या नावाने सभागृहाचा ठराव घेतात, तोही निवडणुकीच्या वर्षी. गाडगेबाबा याच विदर्भातले, अमरावतीच्या शेंडगावचे. पाया कोणाला पडू देत नसत, मला शिष्य नाही म्हणत, आणि कीर्तनाआधी गाव झाडून काढत. त्यांचेही पुतळे आपण उभारलेच. ठराव घ्यायचाच असेल तर सभागृहाला झाडीपट्टीचं नाव द्या, नटाचं नको, आणि वाचलेल्या पैशात बायकांच्या रंगपटाला पक्क्या भिंती घाला. विटा, सिमेंट, पत्रा आणि एक लोखंडी दार. मंडईच्या एका चांगल्या रात्रीच्या तिकिटांत पुष्कळ गावांचं हे काम मार्गी लागेल.