कुलकुल भेट द्यायचे असतील तर

नाताळच्या भेटींवरच्या एका लेखात कुलकुल, म्हणजे मैद्याच्या तळून पाकात घोळवलेल्या छोट्या वळ्या, सुचवलेत ते उत्तमच, पण पिठात बेकिंग पावडर घालू नका. तळताना वळी फुगून सुटते.

अर्धा किलो मैदा, मूठभर बारीक रवा, दोन चमचे कडकडीत तुपाचं मोहन, एक अंडं, चिमूटभर मीठ. नारळाचं दूध लागेल तसंच घालायचं. पीठ पुरीपेक्षा घट्ट हवं. अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवा. बोराएवढी गोळी जेवणाच्या काट्याच्या (फोर्कच्या) पाठीवर तेलाचं बोट लावून पसरायची, गुंडाळायची आणि शेवटची कड नीट दाबायची. ही कड सैल राहिली की कढईत कुलकुल उलगडलाच समजा. आच मध्यम ठेवा. मोठ्या आचेवर रंग लगेच येतो, आतून मात्र कच्चे राहतात.

पिठात साखर नाही, म्हणून वरून पाक: पाव किलो साखर, अर्धी वाटी पाणी, दोनतारी. एकतारीवर उतरवलात तर दुसऱ्या दिवशी सगळे चिकटलेले. गार कुलकुलांवर ओतून साखर पांढरी धरेपर्यंत हलवत राहा.

बरणीत पूर्ण गार झाल्यावरच भरा, वाफ धरली की मऊ पडतात. जॅमच्या रिकाम्या बाटल्या चालतील, लोणच्याच्या नकोत. झाकणाचा वास काही केल्या जात नाही.