पावागड बुटका का दिसतो

फोटोग्राफीवरच्या एका लेखात लँडस्केपसाठी सरसकट वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स सुचवली आहे. बडोद्याहून पावागड टिपायला जाणाऱ्यांनी हे मनावर घेऊ नये. १८ एमएमच्या अशा लेन्सवर साधारण ८०० मीटर उंचीचा डोंगर टेकाडासारखा उरतो आणि अर्धी फ्रेम रिकामं आकाश खातं. १०० ते २०० एमएमची, दूरचं जवळ आणणारी लेन्स लावा, मागे सरका; झाडं, घुमट आणि कडा एकमेकांजवळ येतात, डोंगराला त्याचं वजन मिळतं.

पावागडजवळच्या वडा तलावावरून पाहिलं तर सकाळी ऊन डोंगरावर पडतं, संध्याकाळी तो काळी आकृती होतो. त्यामुळे विषय आधी ठरवा: पोत हवा असेल तर सकाळ, बाह्यरेषा हवी असेल तर संध्याकाळ. वाइड लावायचीच असेल, तर कॅमेरा पाण्यापासून फूटभरावर आणा, एफ/११ (लेन्सचं छिद्र लहान, म्हणजे जवळचं-दूरचं दोन्ही स्पष्ट) ठेवा आणि काठावरचा ओला दगड किंवा गवताचा झुबका पुढे घ्या. नुसतं पाणी पुढे आलं की नजर घसरते. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) मात्र बघून फिरवा, नाहीतर प्रतिबिंबच पुसलं जातं.

आणि हो, क्लिक करण्याआधी फ्रेमच्या चारही कडा तपासा. बाभळीची एक अर्धवट फांदीसुद्धा सगळं लक्ष ओढून घेते.