'खाट रिकामी करायची सोय' : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

सरकारी रुग्णालयांतल्या लाइफ सपोर्टबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. लेखातला माझा मुद्दा असा होता : आशा उरलेली नसताना व्हेंटिलेटर काढण्याची जी पद्धत सुप्रीम कोर्टाने २०१८ साली घालून दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी सोपी केली, ती गर्दीच्या रुग्णालयातही सुरक्षितपणे राबवता येते, मात्र काही अटी पाळूनच. त्यावर तुम्ही लिहिता, 'जिथे एका सिस्टरकडे वीस पेशंट, तिथे इच्छामरण म्हणजे खाट रिकामी करायची सोय. एसी केबिनमध्ये बसून असले लेख लिहिणाऱ्या डॉक्टरांना खुनी म्हणायला मला संकोच वाटत नाही.' त्यानंतर तुम्ही केईएम रुग्णालय, कॅनडा, धर्म आणि हायकोर्ट यांचे दाखले दिलेत.

आधी भाषेबद्दल. मतभेदाची मला सवय आहे. आयसीयूच्या दारात नातेवाईक रोज भांडतात, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही भांडले असते. पण त्यांचं माणूस आत असतं. तुम्ही घरी बसून, पूर्ण शुद्धीत, 'खुनी' हा शब्द टाइप केलात, तोही अशा माणसांसाठी ज्यांना तुम्ही ओळखत नाही. मी भूलतज्ज्ञ आहे. सरकारी रुग्णालयात शिकले, नोकरीची बहुतेक वर्षं तिथल्याच आयसीयूत काढली आणि आजही तिथेच ड्युटी करते. वीस पेशंटवाली सिस्टर माझ्याच शिफ्टमध्ये असते. तिचं नाव पुढे करून मला शिव्या द्यायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

एक गोष्ट मान्य करते. व्हेंटिलेटर काढायचा की नाही हे ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाने नकार दिला किंवा डॉक्टरांत एकमत झालं नाही, तर घटनेच्या कलम २२६ खाली नातेवाईक हायकोर्टात जाऊ शकतात, हे मी लेखात लिहिलं नव्हतं. ते यायला हवं होतं. तुम्ही दाखवून दिलंत, आभार.

आता 'खाट रिकामी करायची सोय' या वाक्याकडे येते. बाकीच्यांपेक्षा तेच जास्त लागलं, कारण वस्तुस्थिती त्याच्या बरोबर उलटी आहे.

गर्दीच्या वॉर्डात खाट आजही रिकामी होते, आणि तिला कुठलाही कायदा लागत नाही. तिला 'डामा' लागतो, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घेतलेला डिस्चार्ज. एका पानाचा फॉर्म असतो : 'डॉक्टरांचा सल्ला नसताना, आमच्या जबाबदारीवर पेशंट नेत आहोत.' सही किंवा अंगठा. दहा मिनिटांत काम होतं. त्यानंतर पेशंटच्या घशातल्या श्वासाच्या नळीला व्हेंटिलेटरऐवजी अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, जोडतात आणि ती मुलाच्या किंवा जावयाच्या हातात देतात. मिनिटाला दहा-बारा वेळा दाबायची असते. हात भरून आला की माणूस घाबरून पंचवीस-तीस वेळा दाबायला लागतो, किंवा विसरतो. अँब्युलन्समध्ये ऑक्सिजनचा बी टाइप सिलिंडर असतो, दीड हजार लिटरचा. मिनिटाला दहा लिटरने तो अडीच तास पुरतो. गाव चार तासांवर असेल तर उरलेल्या दीड तासाचं काय होतं, ते तुम्हीच ठरवा. घरी पोचल्यावर नळी कोण काढतं? ड्रायव्हर, वॉर्डबॉय, नाहीतर गावातला कंपाउंडर. वेदना आणि घुसमट कमी करणारं मॉर्फिन नसतं, घशातला स्राव ओढून काढणारं सक्शन नसतं, शेजारी डॉक्टर नसतो. रुग्णालयाच्या कागदावर हा मृत्यू नोंदलाच जात नाही, तिथे फक्त 'डामा' एवढंच लिहिलेलं राहतं. कारण बहुतेक वेळा एकच असतं, पैसे संपलेले असतात.

सुप्रीम कोर्टाची पद्धत याच्याशी ताडून बघा. आधी प्रायमरी बोर्ड : उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. शक्यतो ४८ तासांत त्यांचं लेखी मत. मग सेकंडरी बोर्ड : पहिल्या बोर्डात नसलेले दोन तज्ज्ञ आणि जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर. पुन्हा शक्यतो ४८ तास. पेशंटने आधी लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या उपचारांबद्दलचं इच्छापत्र, केलं असेल तर त्यात नाव दिलेल्या माणसाची संमती, नसेल तर जवळच्या नातेवाइकांची. अंमल करण्याआधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणं. २०१८ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी स्वतः येऊन पाहायचं होतं, सेकंडरी बोर्ड कलेक्टरने नेमायचं होतं आणि तज्ज्ञाला वीस वर्षांचा अनुभव लागत होता. त्यामुळे ती पद्धत कागदावरच राहिली आणि 'डामा' चालू राहिला.

एवढं सगळं झाल्यावर व्हेंटिलेटर काढला, तरी पेशंट काही मिनिटांत जाईल असं नसतं. काही जण तासभर असतात, काही दोन-तीन दिवस. तेवढा वेळ खाट त्यांचीच असते आणि सिस्टरही लागते. म्हणजे ज्याला खाट लवकर मोकळी करायची आहे, त्याच्यासाठी हा सर्वांत लांबचा आणि सर्वांत जास्त साक्षीदारांचा रस्ता आहे. तुमच्या मनात ज्या डॉक्टरची भीती आहे, तो या वाटेला फिरकणारच नाही.

मग ताण असलेल्या रुग्णालयात धोका नाही का? आहे. पण तुम्ही सांगता तो नाही.

पहिला धोका रोगनिदानातला, आणि आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांत तो फार खरा आहे. मण्यार चावलेला माणूस व्हेंटिलेटरवर असतो तेव्हा पापण्या उघडत नाहीत, बाहुल्या प्रकाशाला आकसत नाहीत, चिमटा काढला तरी बोट हलत नाही. ब्रेन डेडसारखा दिसतो. मेंदू शाबूत असतो, कधी कधी तो सगळं ऐकतही असतो, आणि काही दिवसांनी उठून बसतो. कीटकनाशक प्यायलेल्याचं तेच. उतारा म्हणून दिलेल्या अॅट्रोपिनमुळे बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात, आणि विष घेतल्यावर एक ते चार दिवसांच्या दरम्यान मान आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. किडनी बंद असेल तर मिडाझोलाम या झोपेच्या औषधाचा अंमल ते थांबवल्यानंतरही दिवसेंदिवस टिकतो. हृदय बंद पडून परत सुरू झालेल्या पेशंटबद्दल पहिल्या ७२ तासांत, झोपेची औषधं पूर्ण उतरायच्या आधी, काही ठरवायचंच नसतं. रात्रपाळीचा थकलेला रेसिडेंट घाईत इथे चुकू शकतो. म्हणून माझ्या लेखात पहिली अट ही होती की बोर्ड बसायच्या आधी सर्पदंश, विषबाधा, झोपेची औषधं, स्नायू शिथिल करणारी औषधं, शरीराचं तापमान, सोडियम आणि साखर यांची तपासणी केसपेपरवर लिहिलेली हवी. त्याला वेगळा पैसा लागत नाही. छापील कागद आणि तो भरायची शिस्त लागते.

दुसरा धोका मॉर्फिन हाताशी नसण्याचा. २०१४ साली एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या, कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. तरी अनेक ठिकाणी ते मागवलेलंच नसतं, किंवा कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर असतो. मॉर्फिनशिवाय नळी काढणं ही क्रूरता आहे. इथे मी तडजोड करणार नाही : मॉर्फिन हाताशी नसेल तर त्या दिवशी व्हेंटिलेटर काढायचा नाही.

आणि काढणं म्हणजे बटण बंद करणं नव्हे. स्नायू शिथिल करणारं औषध पूर्ण उतरलंय याची आधी खात्री करायची, कारण त्याच्या अंमलाखाली पेशंटला कितीही घुसमटलं तरी चेहऱ्यावर काही दिसत नाही. व्हेक्युरोनियम किडनीच्या पेशंटमध्ये रेंगाळतं, हे लक्षात ठेवायचं. नाकातल्या नळीतून दिलं जाणारं अन्न काही तास आधी थांबवायचं आणि पोट रिकामं करून घ्यायचं, नाहीतर उलटी श्वासात जाते. घशातला स्राव कमी व्हावा म्हणून ग्लायकोपायरोलेट ०.२ मिलिग्रॅम अर्धा तास आधी. मॉर्फिनची अँप्यूल १० मिलिग्रॅमची आहे की १५ ची, हे वाचून बघायचं, आपल्याकडे दोन्ही मिळतात आणि गडबड इथेच होते. १५ ची असेल तर १५ मिलीपर्यंत पातळ केली की एका मिलीत एक मिलिग्रॅम. आधी मॉर्फिन चालू नसलेल्या पेशंटला २ ते ५ मिलिग्रॅम शिरेतून, दहा-पंधरा मिनिटं थांबून त्रास दिसला तर पुन्हा. बेचैनी असेल तर मिडाझोलाम १-२ मिलिग्रॅम. रक्तदाब टिकवून धरणारी औषधं बंद. अलार्म बंद. मग ऑक्सिजन २१ टक्क्यांपर्यंत, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसांत राखलेला दाब) आणि श्वासांचा रेट हळूहळू खाली, दहा-वीस मिनिटांत. कपाळावर आठ्या, नाकपुड्या फुलणं, छाती ओढणं दिसलं की एक पायरी मागे जायचं, औषध द्यायचं, थांबायचं. हे सगळं झाल्यावरच नळी. डोस वाढवायचा तो दिसणाऱ्या त्रासावर, घड्याळाकडे बघून नाही. ही रेघ जो ओलांडेल त्याला तुम्ही जरूर जाब विचारा, मीही विचारीन.

या कामाला एक सिस्टर आणि एक डॉक्टर साधारण दोन तास पूर्ण मोकळे लागतात. वीस पेशंटवाल्या वॉर्डात ते निघतील का? रात्री नाहीत. दिवसा, आधी ठरवून, पडदा ओढलेल्या कोपऱ्यातल्या खाटेवर, निघतात. ठरवता येणारी गोष्ट आहे ही, अपघात नव्हे. ताणाचं कारण देऊन ती नाकारली की पेशंट पुन्हा त्या अँब्युलन्समध्येच जातो.

तिसरी अडचण सेकंडरी बोर्डातल्या त्या बाहेरच्या डॉक्टरची. शुक्रवारी संध्याकाळी त्याला कुठून आणायचं? कर्नाटकाने ३० जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात यावर सोपा उपाय काढला : अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली ज्या न्यूरॉलॉजिस्ट, सर्जन, भूलतज्ज्ञ, इंटेन्सिव्हिस्ट मंडळींना आधीच मान्यता आहे, त्यांनाच या बोर्डासाठी नेमता येईल. यादी तयारच असते, फोन करायचा. महाराष्ट्रातही प्रत्येक जिल्ह्यात अशी नावं आधी ठरलेली असली पाहिजेत, ही माझी मागणी होती. तुम्ही तिच्यावर एक अक्षर लिहिलं नाहीत.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. केईएमच्या परिचारिकांनी हल्ल्यानंतर जाणीव हरपलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना १९७३ पासून १८ मे २०१५ पर्यंत सांभाळलं, त्याबद्दल माझ्या मनात तुमच्याइतकाच आदर आहे. पण त्या व्हेंटिलेटरच्या आधाराने जगत नव्हत्या, आणि ७ मार्च २०११ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने त्यांच्याबाबतची याचिका फेटाळलीच होती. त्या उदाहरणाने माझा कुठलाही मुद्दा खोटा ठरत नाही. कॅनडात २०१६ पासून इंजेक्शन देऊन मृत्यू आणण्याची परवानगी आहे आणि २०२१ मध्ये मृत्यू जवळ नसलेल्यांनाही, किमान ९० दिवसांच्या तपासणीनंतर, ती मिळाली. भारतात इंजेक्शन देऊन मारणं गुन्हा आहे, तसाच राहावा, आणि ताणाखालच्या आपल्या रुग्णालयांना ते कधीही देऊ नये, हे मी लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं. धर्माबद्दल वाद घालणार नाही. ज्यांना शेवटपर्यंत व्हेंटिलेटर हवा आहे त्यांचा तो कुणी काढत नाही. संमतीशिवाय काहीच होत नाही.

लिव्हिंग विलबद्दल तुमचा एकच प्रश्न खरोखर प्रश्न होता, म्हणून त्याचं उत्तर : दोन साक्षीदारांसमोर सही, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन, निर्णय कुणी घ्यायचा त्यांची नावं, आणि एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. महाराष्ट्रात हे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांना हायकोर्टात जावं लागलं. गोव्यात २०२४ साली पहिलं लिव्हिंग विल नोंदवलं ते न्यायमूर्ती महेश सोनक यांनी. तुमच्या पालिकेत हा अधिकारी कोण, ते विचारून घ्या आणि नाव इथे लिहा, इतर वाचकांच्याही उपयोगाला येईल.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, 'खुनी' या शब्दासकट ठेवली आहे. पुढच्या प्रतिक्रियेत तो शब्द असेल तर ती प्रसिद्ध करणार नाही.