‘पेपर छापा, पेटंट घ्या, कंपनी आपोआप उभी राहते’ हे खरं नाही

पुण्यातल्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक सल्ला फिरतो आहे: आधी पेपर छापा, मग पेटंट घ्या, उद्योजक स्वतःहून येतील, स्वतःची कंपनी काढायची तर मात्र नोकरी सोडा. या सल्ल्याने चांगली संशोधनं वाया जातात, म्हणून हे उत्तर.

‘आधी पेपर.’ पेपर किंवा पोस्टर पेटंटच्या अर्जाआधी बाहेर आलं की पेटंटसाठी लागणारं नावीन्यच संपतं. भारतीय कायद्यातली १२ महिन्यांची सवलत विद्वत्संस्थेपुढे वाचलेला निबंध, ठरावीक प्रदर्शनं अशा मोजक्या प्रसंगांपुरती आहे. युरोपात तिचा उपयोग नाही. म्हणून पेपर पाठवण्याआधी प्रोव्हिजनल, म्हणजे शोधाची तारीख राखून ठेवणारा तात्पुरता, अर्ज करा. शैक्षणिक संस्थेला ऑनलाइन मूळ शुल्क १,६०० रुपये पडतं. पण घाईचा दोन पानी अर्ज फसवा असतो. तापमानाची किंवा प्रमाणाची जी कक्षा त्यात लिहिली नाही, तिला त्या अर्जाची तारीख मिळत नाही. त्या तारखेपासून १२ महिन्यांत संपूर्ण स्पेसिफिकेशन (शोधाचं पूर्ण वर्णन), परदेशी अर्जही त्याच मुदतीत, आणि ३१ महिन्यांच्या आत पेटंट कार्यालयाकडे परीक्षणाची विनंती. ती राहिली तर अर्ज मागे घेतला असं धरतात. फाईल नेमकी कोणाकडे आहे हे आधीच ठरवा.

‘पेटंट मिळालं की झालं.’ गुंतवणूकदार आधी विचारतो, मालक कोण? पीएचडीचा विद्यार्थी संस्थेचा नोकर नसतो. त्याने हक्क लेखी दिले नसतील तर प्रश्न उभा राहतो. पेटंट सहमालकीचं असेल, तर पेटंट कायद्याच्या कलम ५० नुसार बाकीच्यांच्या संमतीशिवाय लायसन्स देता येत नाही. विद्यार्थी पोस्टडॉकला परदेशी गेल्यावर सह्या गोळा करण्यापेक्षा शोध नोंदवतानाच सगळं लिहून घ्या: शोधक कोण, निधी कोणाचा, दुसऱ्या प्रयोगशाळेतून आलेलं साहित्य कोणत्या अटींवर, प्रयोगवहीतल्या तारखा.

‘उद्योजक येतील.’ १ लिटरच्या फ्लास्कमधली उष्णता सोडणारी अभिक्रिया तशाच आकाराच्या १,००० लिटरच्या रिअॅक्टरमध्ये नेली, तर आकारमान १,००० पट होतं, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग १०० पटच. तापमान चढतं, अशुद्धी वाढतात, कधी अभिक्रिया हाताबाहेर जाते. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदाराला पेटंटचं प्रमाणपत्र दाखवून भागत नाही. त्याला किलोच्या पातळीवरच्या सलग तीन बॅचचे आकडे आणि कच्च्या मालाचा खर्च हवा. या टप्प्याचा पैसा संशोधन प्रकल्पात बहुधा नसतो. जैवतंत्रज्ञानासाठी बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचं ‘बिग’ अनुदान आहे, १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत. नवउद्योगांना आधार देणारं पाषाणचं व्हेंचर सेंटर त्यासाठी मदत करतं. उपकरणाच्या नमुन्यासाठी केंद्र सरकारची निधी-प्रयास योजना, १० लाखांपर्यंत.

‘नोकरी सोडा.’ गरज नाही. २०१९ च्या राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरणानुसार प्राध्यापकाला नोकरीत राहून कंपनी काढता येते. सुविधांच्या बदल्यात संस्था कंपनीत २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकते. मात्र कंपनी नोंदवण्याआधी तीन गोष्टी संस्थेकडून लेखी घ्या: प्रयोगशाळा वापराचं भाडं, कंपनीच्या कामाला आपलेच पीएचडी विद्यार्थी लावता येतील का, आणि विभागाने तुमच्याच कंपनीकडून काही घेतलं तर मंजुरी कोण देणार.